खुबा निखळल्यानंतरचे तास : एका अभ्यासशाखेची प्रस्तावना

खुब्याचा कृत्रिम सांधा निखळला, तर तो पुन्हा जागेवर बसवायला सरावलेल्या हातांना काही मिनिटे पुरतात. मात्र खाटेवरून उठताना मांडीत काहीतरी सटकल्याची जाणीव झाल्यापासून ती काही मिनिटे येईपर्यंत कित्येक तास जातात, कधी सबंध रात्र जाते. हे तास कुठे जातात, त्यांतले कोणते वाचवता येतात आणि कोणते मुळीच वाचवू नयेत, हा या अभ्यासशाखेचा गाभा आहे. वरवर पाहता प्रश्न लहान वाटतो. पण त्याच्या मागे लागले की अस्थिशल्य, भूलशास्त्र, आपत्कालीन वैद्यक, परिचर्या, क्ष-किरण विभागातली रांग, रुग्णवाहिका, महामार्ग आणि रुग्णाच्या पिशवीतले कागद असे सगळेच विचारात घ्यावे लागते. म्हणून या विषयाला मी एका शस्त्रक्रियेचे प्रकरण न म्हणता शाखा म्हणतो, आणि तिच्या दारात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत करतो. लहान रुग्णालयात रात्रपाळी करणारे तरुण डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपीचे विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. घरात कुणाचा तरी ‘खुब्याचा बॉल बदललेला’ आहे, अशा वाचकालाही यात परके वाटू नये.

विवेचनासाठी ठिकाण निवडले आहे ते तारापूर-बोईसरचे. खुब्याचे सांधेरोपण बहुधा मोठ्या शहरात होते आणि सांधा निखळतो तो घरी. निखळण्याच्या घटनांपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत होतात, म्हणजे रुग्ण मुंबईहून परतून चिंचणीच्या, नवापूरच्या किंवा बोईसरच्या चाळीतल्या आपल्या खोलीत असतो तेव्हा. ज्या शल्यविशारदाने सांधा बसवला, तो शंभर किलोमीटर दूर. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली आणि तपासणीसाठी मुंबईला जाणे सोपे झाले, पण ज्याचा पाय आखडून आत वळला आहे, त्याला लोकलच्या डब्यात बसवता येत नाही. त्याच्यासाठी रस्ताच. बोईसरहून चिल्हार फाट्याला किंवा पालघरहून मनोरला राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठायचा, आणि पुढे वर्सोव्याची खाडी व घोडबंदरचा पट्टा. या रस्त्यावर किती वेळ लागेल हे निघताना कुणालाही सांगता येत नाही. २०२५ च्या जुलैअखेरीस पालघरहून मुंबईला नेल्या जाणाऱ्या एका जखमी महिलेचा याच महामार्गावरच्या कोंडीत अडकल्यानंतर मृत्यू झाला, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात तो विषय झाला. उत्तरेकडचे, तलासरी-डहाणूचे लोक सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयाकडे किंवा वापी-वलसाडकडे वळतात. दक्षिणेला मुंबई, उत्तरेला गुजरात आणि मध्ये आपण, अशी इथल्या गंभीर रुग्णांची स्थिती आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे रुग्णालयांची साखळी लगेच उभी राहते, असे नाही.

आणि रुग्ण इथे आहेतच. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्या काळात नोकरीला आलेली पिढी आता वृद्ध आहे, आणि म्हातारपणी मांडीच्या हाडाची मान मोडणे हे खुब्यात कृत्रिम गोळा बसवण्याचे आपल्याकडचे एक प्रमुख कारण. दुसरे कारण तरुणांचे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचतो, ज्याला रुग्णही आता ‘एव्हीएन’ म्हणून ओळखतात. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलतो तो बहुतेक झिजेमुळे, साठीनंतर. आपल्याकडे तिशी-चाळिशीतली माणसे या शस्त्रक्रियेला येतात. स्टिरॉइड, दारू ही कारणे सर्वत्र सारखी. करोनाच्या उपचारात स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत हा आजार २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी नोंदवला. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या बुजवतात आणि खुब्याच्या गोळ्याला त्याचा फटका बसतो. २०२३ च्या जुलैत देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातून आजार लवकर सापडतील, पण ज्यांचा गोळा आधीच खचला आहे त्यांचे खुबे येत्या काळात बदलले जातील, आणि त्यांतले काही निखळतील. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना प्राणवायू कमी पडू देणे, त्याला तहानलेला ठेवणे किंवा गारठू देणे धोक्याचे असते. निखळलेला खुबा घेऊन उपाशीपोटी ट्रॉलीवर रात्र काढणारा असा रुग्ण म्हणजे हे सगळे धोके एकाच जागी.

खुबा हा वाटी आणि गोळ्याचा सांधा. शस्त्रक्रियेत कंबरेच्या हाडात कृत्रिम वाटी बसवतात, मांडीच्या हाडात दांडा रोवतात आणि दांड्याच्या टोकावर गोळा चढवतात. हाडाची मान मोडलेल्या वृद्धांमध्ये पुष्कळदा मूळ वाटी तशीच ठेवून फक्त गोळा बदलतात. आपल्याकडे तळवलकरांच्या नावाने ओळखला जाणारा बायपोलर गोळा या कामी वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. नैसर्गिक सांध्याला घट्ट पिशवी, बळकट अस्थिबंध आणि वाटीच्या कडेची मऊ झालर यांचा आधार असतो. शस्त्रक्रियेत यांतले काही कापावेच लागते, आणि ते भरून येईपर्यंत सांधा मुख्यतः स्नायूंच्या ताणावर टिकून असतो. अशा काळात गुडघा छातीकडे आला, आत झुकला आणि पाऊल बाहेर फिरले, की गोळा वाटीच्या मागच्या कडेवरून उडी मारून बाहेर पडतो. बहुसंख्य कृत्रिम खुबे असेच मागे निखळतात. पाय आखूड दिसतो, गुडघा वाकलेला आणि आत वळलेला असतो, आणि रुग्ण तो हलवू देत नाही. खुबा पुढे निखळला तर पाय बाहेर वळतो.

या यांत्रिकीमागे एका माणसाचा मोठा वाटा आहे. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ च्या नोव्हेंबरपासून दाट पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोळा वापरायला सुरुवात केली. आजचे खुब्याचे रोपण तिथून सुरू होते. त्याआधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरून त्यांनी अपयश पाहिले होते. त्या झिजल्या आणि रुग्णांचे खुबे पुन्हा उघडावे लागले. चार्न्ली यांनी गोळा मुद्दाम लहान ठेवला, २२.२२५ मिलिमीटरचा, कारण लहान गोळ्याला घर्षण कमी. पण लहान गोळ्याला वाटीची कड ओलांडायला अंतरही कमी लागते. घर्षण आणि स्थैर्य यांतली ही ओढाताण पुढे कित्येक दशके चालली. झीज कमी असलेले नवे पॉलिथिलीन आले तेव्हा ३२ आणि ३६ मिलिमीटरचे गोळे सरसकट वापरता येऊ लागले. फ्रान्समध्ये जिल बुस्के यांनी १९७० च्या दशकात गोळ्याभोवती फिरता दुसरा गोळा अशी दुहेरी हालचालीची रचना केली, ती आज वारंवार निखळणाऱ्या खुब्यांसाठी जगभर वापरतात. चार्न्ली यांच्याविषयी मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सांधा बदलण्याच्या कितीतरी आधी, १९५० साली, त्यांनी मोडलेली हाडे चिरफाड न करता बसवण्यावर पुस्तक लिहिले होते. हातांचे ज्ञान आणि हत्यारांचे ज्ञान त्यांच्या दृष्टीने वेगळे नव्हते.

हातांच्या ज्ञानाचा इतिहास फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि ओढणे, दाबणे, जुळवणे व बांधणे असा उपचाराचा क्रम दिला आहे. कंबर-मांडीच्या दुखापतीसाठी रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांनी स्थिर करण्याची ‘कपाटशयन’ ही रीतही तिथे आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निखळलेला खुबा दोर आणि कप्प्या लावून ओढत. बोस्टनचे हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ च्या ग्रंथात दाखवून दिले की खुब्यापुढचा भक्कम अस्थिबंध पाय सरळ असताना ताणलेला राहतो आणि मांडी वाकवली की सैल पडतो; तेव्हा जोर नको, दिशा हवी. इथे इतिहासातला एक योग लक्षात घेण्यासारखा आहे. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, तिचे वृत्त वैद्यकीय जगाला लेख लिहून कळवले ते याच बिगेलो यांनी. वेदना थांबवणे आणि सांधा बसवणे या दोन गोष्टी तेव्हापासून एकमेकींचा हात धरून चालल्या आहेत, आणि या विषयातले आजचे बहुतेक वादही त्या दोघींच्या मेळाविषयीच आहेत.

फिलाडेल्फियाचे ऑस्कर अॅलिस यांची पद्धत आजही सर्वाधिक शिकवली जाते. रुग्ण उताणा, मदतनीस कंबर दाबून धरतो, डॉक्टर गुडघा व खुबा काटकोनात वाकवून वर ओढतो आणि हलके फिरवतो. ती करायला डॉक्टरला बहुधा ट्रॉलीवर चढून उभे राहावे लागते, कंबर वाकवून जोर लावावा लागतो, आणि त्यात रुग्ण आणि डॉक्टर दोघेही पडू शकतात. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन आपत्कालीन डॉक्टरांनी वेगळी रीत मांडली. डॉक्टर एक पाय ट्रॉलीवर ठेवतो, स्वतःचा गुडघा रुग्णाच्या गुडघ्याखाली देतो आणि टाच उचलून तो तरफेसारखा वर नेतो. रमच्या बाटलीवरच्या चित्रातला कप्तान असाच उभा असतो, म्हणून तिला ‘कॅप्टन मॉर्गन’ म्हणतात. अंगात फार जोर नसलेल्या डॉक्टरला, रात्री एकाच मदतनिसावर भागवावे लागणाऱ्या रुग्णालयाला ही रीत उपयोगाची आहे. पद्धत कोणतीही असो, ताण हळूहळू वाढवायचा आणि स्नायू सैल पडण्याची वाट पाहायची. पाय घाईघाईने पिळला तर दांड्याभोवतीचे हाड मोडू शकते, आणि जी गोष्ट अर्ध्या तासात सुटायची तिला मोठी शस्त्रक्रिया लागते.

आता तासांकडे वळू. नैसर्गिक खुबा अपघातात निखळला तर त्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, म्हणून तो सहा तासांच्या आत बसवावा, असा दंडक १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांवर उभा आहे. कृत्रिम गोळ्याला रक्त लागत नाही. नेमके याच कारणाने कृत्रिम खुबा निखळलेला रुग्ण रांगेत मागे ढकलला जातो. ‘त्याचे काही बिघडत नाही, सकाळी बघू.’ हे म्हणणे मला मान्य नाही, आणि या शाखेतल्या बहुतेक अभ्यासकांनाही ते मान्य नाही. खुब्यामागून सायटिक नस जाते, ती ताणली किंवा दाबली जाऊ शकते. पाऊल वर उचलता येत नसेल तर वेळ आणखी मोलाचा. मांडीचे स्नायू जितका वेळ आखडून राहतील तितका गोळा वर खेचला जातो आणि जागेवर आणायला जास्त भूल, जास्त जोर लागतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला कडक ट्रॉलीवर उपाशी, तहानलेला, लघवीसाठीही कूस न बदलता ठेवले तर पाठीला जखम होते, मन भ्रमिष्ट होते. आणि वेदना. ती मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. रुग्णाला विचारले की पुरे.

हे तास एकाच ठिकाणी जात नाहीत. घरचे लोक आधी पाय दाबून, शेकून पाहतात. मग वाहन मिळेपर्यंत थांबतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, तिच्या रुग्णवाहिकांत डॉक्टर असतो, आणि निखळलेल्या खुब्याच्या रुग्णाला रिक्षात दुमडून नेण्यापेक्षा तिची वाट पाहणे केव्हाही बरे. रुग्णालयात आल्यावर नोंदणी, अनामत रक्कम, ‘ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडेच न्या’ हा सल्ला. मग क्ष-किरण. मग अस्थिरोगतज्ज्ञांना फोन, ते दुसऱ्या रुग्णालयात. भूलतज्ज्ञ तिसऱ्या ठिकाणी. शस्त्रक्रियागृहात आधीची केस चालू. रुग्णाने संध्याकाळी चहा-बिस्किट घेतले होते, म्हणून सहा तास थांबा. यांतला प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पाहिला तर समजण्यासारखा वाटतो, आणि कुणीही निष्काळजी नसतो. सगळे टप्पे एकापाठोपाठ एक ठेवल्यामुळे रात्र उलटते. जलद उपचार म्हणजे हात घाईने चालवणे नव्हे. हे टप्पे एकमेकांच्या बाजूला आणणे, आणि ज्यांची गरज नाही ते गाळणे.

ज्या देशांत आपत्कालीन विभाग स्वतंत्र आणि सक्षम आहेत, तिथे उत्तर साधारण सारखेच निघाले आहे. आखूड, आत वळलेला पाय आणि शस्त्रक्रियेचा जुना व्रण एवढे दारातल्या परिचारिकेने ओळखायचे आणि ठरलेली वेदनाशामके लगेच द्यायची. त्यासाठी डॉक्टरची वाट पाहायची नाही. क्ष-किरणाची चिठ्ठीही तिथेच निघते. चित्रात हाड मोडलेले नाही, सांध्याचे भाग सुटलेले नाहीत, असे दिसले की शस्त्रक्रियागृहाची वाट न पाहता आपत्कालीन विभागातच, प्राणवायू आणि देखरेख यांच्या व्यवस्थेसह, थोड्या वेळाची गुंगी देऊन सांधा बसवायचा. एक डॉक्टर फक्त गुंगीकडे आणि श्वासाकडे पाहील, दुसरा फक्त खुब्याकडे. पुन्हा चित्र, पुन्हा पाऊल हलते का याची तपासणी, दोन्ही पायांमध्ये उशी, आणि प्रकृती ठीक असेल तर त्याच दिवशी घरी. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली. त्या विषयात शिकलेली पिढी आता मोठ्या शहरांत कामाला लागली आहे. बोईसर-पालघरसारख्या ठिकाणी हे काम अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रात्रपाळीचा डॉक्टर यांनाच आपसात ठरवून घ्यावे लागेल. ते ठरवता येते. लागणारी साधने इथल्या चांगल्या नर्सिंग होममध्ये असतात. क्ष-किरण यंत्र, प्राणवायू, रक्तातला प्राणवायू दाखवणारे मापक, शोषण यंत्र, श्वासनळीची साधने, आणि ती वापरायला शिकलेला माणूस.

इथे एका खऱ्या मतभेदाची ओळख वाचकाने करून घ्यावी. प्रोपोफॉलसारखे जलद उतरणारे गुंगीचे औषध भूलतज्ज्ञाशिवाय द्यावे का? भूलतज्ज्ञांचा आक्षेप पोकळ नाही. वृद्धाचा श्वास मंदावतो, रक्तदाब कोसळतो, पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला, तातडीच्या लहान प्रक्रियेसाठी केवळ उपवासाचे तास पुरे व्हावेत म्हणून थांबू नये, अशी भूमिका अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यांच्या संघटनेने घेतली आहे. केटामाइन आपल्या लहान रुग्णालयांच्या ओळखीचे आहे. ते श्वास सहसा मंदावत नाही, पण स्नायू मात्र प्रोपोफॉलइतके सैल पडत नाहीत. माझे मत असे, की आपल्या परिस्थितीत प्रश्न ‘कोणत्या पदवीचा माणूस’ असा न विचारता ‘श्वास थांबला तर तो या क्षणी सांभाळू शकणारा माणूस खोलीत आहे का’ असा विचारावा. तो नसेल तर थांबावे. ते थांबणे वाया जात नाही.

थांबायलाच हवे अशा आणखी काही जागा आहेत, आणि नवख्याने त्या आधी शिकाव्यात. दांड्याभोवतीचे हाड मोडले असेल तर हात लावू नये. जखमेतून पू, ताप, लाली असेल तर निखळणे हे संसर्गाचे लक्षण असू शकते. बायपोलर किंवा दुहेरी हालचालीच्या सांध्यात आतला लहान गोळा बाहेरच्या गोळ्यातून सुटू शकतो. वाटीच्या कडेवर अडकलेला बाहेरचा गोळा ओढण्याच्या जोराने निघून येतो, आणि पॉलिथिलीन क्ष-किरणात दिसत नसल्यामुळे सांधा बसला असा भास होतो. चित्रात धातूचा गोळा वाटीच्या बरोबर मध्यभागी नसेल तर संशय घ्यावा. अशा रुग्णाला शस्त्रक्रियागृहच हवे. एकदा, फार तर दोनदा नीट प्रयत्न करून सांधा बसत नसेल, तर तिसरा प्रयत्न पूर्ण भुलीखाली व्हावा. जलद उपचाराची बाजू घेणाऱ्याने या मर्यादा सगळ्यांत काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत.

वेगाने नेमके काय साधते, याबाबतही प्रामाणिक राहायला हवे. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या ‘हिप अटॅक’ चाचणीत १७ देशांतले २,९७० रुग्ण होते, भारतातली रुग्णालयेही त्यात होती. विषय खुब्याच्या अस्थिभंगाचा होता, निखळण्याचा नव्हे. एका गटाला निदानापासून सहा तासांत शस्त्रक्रियेला नेण्याचे लक्ष्य होते. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पण त्या गटात भ्रम कमी झाला, मूत्रमार्गाचे संसर्ग कमी झाले, माणसे लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. मला हा निष्कर्ष उणा वाटत नाही. वैद्यकात जीव वाचवणे हेच एक माप नाही. एका वृद्धेची एक रात्र कण्हण्यावाचून गेली, हेही मोजण्याजोगे फळ आहे.

निखळणे मुळात टाळता येईल का, हा या शाखेचा शेजारचा प्रांत. १९७८ साली लेविनेक यांनी वाटी कोणत्या कोनात बसवावी याची ‘सुरक्षित कक्षा’ मांडली, आणि पिढ्यान् पिढ्या ती पाठ केली गेली. १९८२ साली मेयो क्लिनिकने १०,५०० खुब्यांचा आढावा घेतला, त्यात ३.२ टक्के निखळले होते. त्याच संस्थेतल्या २०१६ च्या अभ्यासात मात्र निखळलेल्या खुब्यांपैकी ५८ टक्क्यांची वाटी त्या सुरक्षित कक्षेतच होती. मग लक्ष मणक्याकडे गेले. बसताना कंबरेचे हाड मागे कलते आणि वाटी उघडते. मणका कडक असेल तर ते घडत नाही आणि गोळा बाहेर फेकला जातो. आपल्याकडच्या तरुण रुग्णांत मणका आखडवणारा संधिवात पुष्कळ आढळतो, म्हणून हा धागा आपल्या अभ्यासकांनी हातात घ्यायला हवा.

त्याहून मोठा धागा आपल्या राहणीचा. पाश्चात्त्य पुस्तकातली सूचना खुर्चीची उंची सांगते. चिंचणीच्या बाजारात पाटावर बसून पुढे वाकून मासळी विकणाऱ्या बाईला, चुलीपुढे बसणाऱ्या आजीला, भातलावणीत कंबरेत वाकणाऱ्या बाप्याला, औद्योगिक वसाहतीच्या चाळीत देशी संडास वापरणाऱ्या कामगाराला ती कशी सांगायची? गुडघे बाहेर पसरून उकिडवे बसणे आणि बुटक्या स्टुलावर गुडघे जवळ ठेवून पुढे झुकणे या दोन्हींचा खुब्यावर होणारा परिणाम वेगळा आहे. दुसरी स्थिती मागे निखळण्याला अधिक अनुकूल. हे रुग्णाला घरी पाठवताना नीट दाखवले जात नाही. ‘खाली बसू नका’ एवढेच सांगितले जाते, आणि ज्याच्या घरात खुर्चीच नाही त्याला ते पाळता येत नाही. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने म्हणेन, की या विषयातले सर्वांत नवे काम इथे, जमिनीवर बसून करायचे आहे.

हाडवैद्यांविषयी दोन शब्द. आपल्या भागात हाड बसवणाऱ्यांवर लोकांचा विश्वास आहे आणि तो पिढ्यांचा आहे. साध्या मुरगळीवर त्यांच्या हाताने अनेकांना आराम पडला असेल. पण आत धातूचा दांडा असलेला खुबा चोळला किंवा झटका देऊन ओढला तर हाड फुटू शकते. त्यांना दूषणे देऊन काही साधणार नाही. शस्त्रक्रियेचा व्रण दिसला की हात न लावता रुग्णालयात पाठवायचे, एवढी एक गोष्ट त्यांच्यापर्यंत सन्मानाने पोचवली तर काही तास तिथेच वाचतील.

शेवटचा मुद्दा कागदाचा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाच्या खुब्यात कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा, किती मिलिमीटरचा गोळा आहे, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली, हे कळले तर डॉक्टरचे निम्मे काम हलके होते. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या रोपणांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. आपल्याकडे सांधेरोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण नोंद करणे ऐच्छिक आहे. त्याची किंमत आपण मोजली आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये डीप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा आपला एएसआर खुबा जगभरातून परत मागवला. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता, आणि बहुसंख्य रुग्णांचा मागच लागत नव्हता. तो दोष वेगळ्या जातीचा होता, पण कुणाच्या शरीरात काय आहे हे कुठेच नीट लिहिलेले नसणे, ही अडचण तीच. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्या केसपेपरवर लागतात आणि केसपेपर रुग्णालयात राहतो. त्यांतली एक रुग्णाच्या हातातल्या कार्डावर लावायला काही खर्च येत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी हे वाचून झाल्यावर रुग्णालयाकडून ती माहिती मागून घ्यावी आणि तिचा फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवावा.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक टप्पा तपशिलाने येईल, आणि ती प्रकरणे क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. परिचारिकांनी वेदनाशमनापासून सुरुवात केली तरी चालेल, भूलतज्ज्ञांनी मतभेदाच्या प्रकरणापासून. मात्र बोईसर, पालघर, डहाणू, कासा, जव्हार, कुठल्याही रुग्णालयात काम करणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. निखळलेल्या खुब्याचा रुग्ण आला की केसपेपरवर या पाच वेळांची नोंद करा : सांधा सटकला केव्हा, रुग्ण दारात आला केव्हा, पहिले वेदनाशामक दिले केव्हा, क्ष-किरण निघाला केव्हा आणि सांधा बसला केव्हा. रुग्णाचे नाव न घालता त्याच वेळा एका वहीतही उतरवा, आणि ही वही आजच्या रात्रपाळीपासून सुरू करा.